दुधाची जबानी

माणसाने साठी ओलांडली, की त्याच्याविषयी आपुलकी बाळगणाऱ्या मंडळींच्या प्रश्नांचा रोख त्याच्या कर्तृत्वावरून हळूहळू त्याच्या हाडांकडे वळतो, आणि "सध्या काय चाललंय?" या प्रश्नाच्या जागी "कॅल्शियम घेता की नाही?" हा प्रश्न विचारण्याची प्रथा आमच्या समाजात अलीकडे इतकी रूढ झाली आहे, की मुंजीत, बारशाला आणि क्वचित स्मशानातून परततानासुद्धा तो माझ्या कानांवर पडलेला आहे. विचारणाऱ्याला उत्तराची मुळीच अपेक्षा नसते. त्याला आपल्या गोळीचे नाव सांगायचे असते, आणि ते सांगून झाले की त्याच्या चर्येवर जो प्रसन्न भाव उमटतो, तो पूर्वी काशीयात्रा करून आलेल्यांच्या चर्येवर दिसत असे.

या बाबतीत सरकार दरबारचे धोरणही मला निवृत्तांच्या विरोधातच दिसते. माझ्या उमेदीच्या काळात प्रौढ माणसाला दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरे, असा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा निर्वाळा होता. २०१० मध्ये तो आकडा ६०० झाला आणि २०२० मध्ये एकदम १०००. म्हणजे दुधाचा एक घोटही कमी न करता, केवळ कागदोपत्री, मी पुरेशा माणसाचा अपुरा माणूस झालो. महागाई भत्ता या गतीने वाढला असता तर मी आज कोणत्याही प्रश्नावलीला समाधानाने तोंड दिले असते. ही हजाराची भरती एकट्या दुधाने करावयाची म्हटली, तर रोज आठशे मिलिलिटरांच्या वर दूध पोटात गेले पाहिजे; आणि एवढे दूध पिणारा प्रौढ इसम मी कुस्तीच्या फडाबाहेर कधी पाहिलेला नाही.

माझी एक भाची आहारशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रौढांचे दुग्धजन्य पदार्थांचे व कॅल्शियमचे सेवन, असा काहीसा तिच्या प्रबंधाचा विषय. आणि प्रबंधाला जशी मार्गदर्शकाची तशी प्रौढांचीही आवश्यकता असल्यामुळे तिने पहिली धाड साहजिकच मामाच्या घरावर घातली. काखेत भलेमोठे दप्तर, पिशवीत रेघा ओढलेला मोजपेला, आणि चेहऱ्यावर मामलेदार कचेरीतून नुकत्याच नेमणूक झालेल्या उमेदवाराचा उत्साह.

"अगं, एवढ्या चौकशा हव्यात कशाला?" मी म्हणालो. "रक्त तपासा, आकडा लिहा आणि मोकळ्या व्हा."

"रक्तातून काही कळत नाही, मामा. ते नेहमी बरोबरच असतं."

तिने जो खुलासा केला तो असा, की शरीरातले नव्व्याण्णव टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, आणि रक्तातला अंश जरा उतरू लागला की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून आवश्यक तेवढे काढवून रक्ताची तूट भरून देतात. सबब दूध पिणाऱ्याच्या आणि दुधाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्याच्या रक्तात ते बहुधा सारखेच निघते. शंभर मिलिलिटरांस साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. रक्त कधी तोंडघशी पडत नाही, पडतात ती हाडे, आणि तीही पुष्कळ वर्षांनी. तेव्हा माणसाच्या पोटात कॅल्शियम किती जाते हे जाणण्याचा व्यवहार्य मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे त्यालाच विचारणे.

हे ऐकून मला मनातल्या मनात हसू आले, कारण माझी सारी हयात महसूल खात्यात, अव्वल कारकुनीपर्यंत, लोकांना विचारण्यातच गेली. पिकाची आणेवारी, जिला पुढे पैसेवारी म्हणू लागले, ती नजरअंदाजाने कशी ठरते हे मी जवळून पाहिले आहे. पन्नास पैशांच्या आत पीक दिसले तर सूट मिळते, म्हणून बांधावर उभा असलेला जो शेतकरी तलाठ्यापुढे कणसात दाणाच नाही म्हणून गळा काढतो, तोच संध्याकाळी मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत त्याच शेताचे पोत्यांनी वर्णन करतो. खरे पीक किती, हे कापणी प्रयोगाला ठरावीक तुकडा कापून, मळून, तोलल्याखेरीज कळत नाही. आणि तोलतानाही काट्याभोवती उभ्या असलेल्या मंडळींकडे लक्ष ठेवावे लागते. आहाराच्या पाहणीतही हुबेहूब हेच आहे, असे माझ्या लवकरच ध्यानात आले. फरक इतकाच, की भाजी-भाकरीविषयी विचारले तर माणूस खरे बोलतो, पेढ्या-बर्फीविषयी विचारले तर तलाठ्यापुढचा शेतकरी होतो, आणि दुधाविषयी विचारले की सोयरिकीला बसतो.

प्रारंभ माझ्यापासून झाला. "मामा, दूध किती घेता?"

"आमच्या लहानपणी, कोकणात, पहाटे गोठ्यात उभं राहून धारोष्ण..."

"गेल्या महिन्यातलं विचारतेय."

गेला महिना ही दुधाच्या दृष्टीने फारच अडचणीची कालमर्यादा आहे. माझ्या मनात दूध पिणारा जो मी आहे, तो आठ वर्षांचा आहे. त्याची आणि माझी अनेक वर्षांत गाठ पडलेली नाही. परंतु कुलाच्या अब्रूचा प्रश्न असल्याने मी गंभीरपणे "निदान अर्धा लिटर" असे सांगितले. स्वयंपाकघरातून भांडे आपटल्याचा आवाज आला. तो योगायोग असावा.

त्यानंतर परिमाणांचा प्रश्न उपस्थित झाला. "दही किती?" याचे उत्तर "वाटीभर" असे मी दिले, तेव्हा भाचीने "कोणती वाटी?" असे विचारले आणि आमच्या संसाराचा एक अज्ञात अध्याय उघडा पडला. सौभाग्यवतींनी मांडणीवरच्या साऱ्या वाट्या ओट्यावर मांडल्या. एकीच्या कडेला माहेरच्यांचे नाव, दुसरीवर वास्तुशांतीची तारीख, तिसरीवर कोण्या विस्मृत सहकारी पतपेढीची भेट म्हणून कोरलेली अक्षरे. भाची एकेकीत पाणी भरून ते मोजपेल्यात ओतू लागली. जिला आम्ही आजवर आमटीची वाटी म्हणून ओळखत होतो तिच्यात १८० मिलिलिटर मावले, पाहुण्यांना श्रीखंड ज्या वाटीत वाढतो तिच्यात जेमतेम ७०; आणि गंमत अशी, की ही दुसरी वाटी बाहेरून पाहता पहिलीपेक्षा मोठी दिसते. तळाशी जाड असते, असे सौभाग्यवतींचे स्पष्टीकरण होते. त्यांच्या आतिथ्यशास्त्रातील हे सूक्ष्म तत्त्व इतकी वर्षे माझ्या नजरेतून सुटले होते.

"आणि ताक?" भाचीने विचारले. "किती दह्याचं किती ताक करता, मामी?"

"ते जेवायला कोण येणार त्यावर आहे."

यापुढे वारंवारितेचे रकाने होते: रोज, आठवड्यातून दोन ते चार वेळा, महिन्यातून एक ते तीन वेळा, कधीच नाही. हे रकाने ज्यांनी आखले त्यांना पंचांग ठाऊक नसावे. श्रीखंड पाडव्याला आणि दसऱ्याला होते, ते महिन्यातून किती वेळा म्हणायचे? कोजागरीच्या आटीव दुधाचा एक पेला वर्षाच्या ३६५ दिवसांत वाटला, तर रोज अर्ध्या मिलिलिटराच्या आसपास, म्हणजे दहा-अकरा थेंब दूध माझ्या नावे जमा होते. आणि ते थेंब मी नित्यनेमाने घेतो असे समजून हे शास्त्र माझ्या हाडांचा हिशेब करते. खरवसाच्या रकान्यापाशी तर भाचीची लेखणीच थांबली.

"खरवस किती वेळा?"

"म्हैस व्याली की," आतून आई म्हणाली.

"पण आजी, म्हणजे आठवड्यातून...?"

"अगं, म्हैस आहे ती!"

दुसऱ्या पद्धतीत मागील चोवीस तासांची जबानी घेतात. काल सकाळी उठल्यापासून जे जे तोंडात गेले ते क्रमाने सांगावयाचे, आणि विचारणाराने मध्येच "त्याबरोबर आणखी काही?" असे मधाळ स्वरात विचारत राहावयाचे. पोलिसी तपासातही एवढी कसून चौकशी मी पाहिलेली नाही. त्यात आदला दिवस नेमका एकादशीचा, आणि एकादशीला आमच्याकडे जे काही शिजते ते पाहता तो दिवस उपवासाचा होता यावर शास्त्र विश्वास ठेवील, असा संभव नव्हता. भाचीने एकाच दिवसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, सुट्टीचा दिवस धरून निरनिराळ्या दिवशी विचारायचे असते, असे सांगून मला धीर दिला. पण जे व्हायचे ते तोवर होऊन गेले होते.

"चारच्या सुमारास काही?"

"चहा," मी सहजपणे म्हणालो.

"काल चारला मी कुठे केला होता चहा?" सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. "दूध संपलं म्हणून काल दुपारी चहाच नव्हता."

यावर मी कोपऱ्यावरच्या अमृततुल्याचा उल्लेख शक्य तितक्या संदिग्ध शब्दांत केला. परंतु "त्याबरोबर आणखी काही?" हे ठरीव वाक्य भाचीच्या तोंडून निघून गेलेच, आणि क्रीमरोलची नोंद माझ्या सौभाग्यवतींच्या साक्षीने शासकीय दर्जाच्या कागदावर कायमची झाली. चहात दूध किती होते, हा शास्त्रीय मुद्दा त्या गदारोळात बाजूला पडला. तो मुद्दाही काही लहान नव्हे. या देशातले कितीतरी प्रौढ दूध पीत नाहीत, ते चहा पितात; आणि चहातले दूध हे पाणी, पावडर, दुधाचा भाव, पाहुण्याची योग्यता आणि करणाराची मनःस्थिती यांवर अवलंबून असल्यामुळे ते कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

कोष्टकांचे म्हणाल तर तीही आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. म्हशीच्या दुधाचा सौभाग्यवतींना विलक्षण अभिमान. गाईचे दूध आजाऱ्याने प्यावे असे त्यांचे मत. १९७१ साली निघालेल्या, गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या जुन्या कोष्टकात म्हशीच्या दुधाला शंभर ग्रॅमांस २१० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि गाईच्या दुधाला १२० होते, तोवर या अभिमानाला शास्त्राधार होता. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नवी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत म्हैस १२१ वर आली आणि गाय ११८ वर. हे वाचून दाखवल्यावर सौभाग्यवतींनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "गवळी पाणी घालायला लागले, दुसरं काय!"

चिरंजीव संगणकाच्या क्षेत्रात असून व्यायामशाळेत जातात. त्यांनी दूध पाऊण लिटर सांगितले आणि वर डब्यातल्या भुकटीचा निर्देश केला. ही भुकटी म्हणजे चीज करताना वेगळे होणारे पाणी वाळवून केलेला पदार्थ, हे भाचीकडून कळल्यावर आईने चक्का टांगल्यावर निथळणारे हिरवट पिवळे पाणी आपण आयुष्यभर तुळशीला आणि मोरीत ओतत आलो याबद्दल तीव्र हळहळ व्यक्त केली. तिची हळहळ भाचीने आणखी वाढवली. दही आंबट झाले की दुधातले कॅल्शियम त्या पाण्यात उतरते, त्यामुळे चक्का बांधला की कॅल्शियमचा बराचसा भाग मोरीत जातो आणि श्रीखंडाच्या वाटीत साखर, स्निग्धांश आणि थोरामोठ्यांची प्रतिष्ठा शिल्लक राहते. तुपात तर ते जवळजवळ नसतेच. वरणभातावर तुपाची धार धरताना "हाडं बळकट होतात हो" असे म्हणणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांची मला त्या क्षणी आठवण झाली. आणि त्यांतल्या किती जणींची हाडे म्हातारपणी न्हाणीघरात दगा देऊन गेली, हेही.

सूनबाईंनी सासूकडे एक दृष्टिक्षेप टाकून "रोज ग्लासभर" असे सांगितले. सौभाग्यवतींनी मात्र "माझं काय लिहायचं? मला काही लागत नाही, उरलंसुरलं घेते" असे म्हणून आपला रकाना कोरा ठेवावयास लावला, वस्तुतः चहा उतू जाऊ नये, साय नीट धरली की नाही, खिरीला साखर बेताची आहे ना, अशा निमित्तांनी दिवसभरात जे प्राशन होते त्यावर एक बालक वाढेल. पण गृहिणीचे खाणे हे खाणे नसून देखरेख असते, आणि देखरेखीला प्रश्नावलीत रकाना नाही.

रकाना नसलेली आणखी एक बाब आईची. वय पंच्याऐंशीच्या पुढे, समोर खलबत्ता, डबीत चुना. दूध दोन पेले असे तिने ठणकावून सांगितले, परंतु तिचे अर्ध्याहून अधिक कॅल्शियम त्या डबीतून येत असावे, अशी शंका भाचीला आली; कारण कोरडा चुना तोलला तर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कॅल्शियमचाच भरतो. भाचीने भीत भीत विचारले, "आजी, पानाला चुना किती लावता?"

"लागेल तितका."

"म्हणजे किती ग्रॅम?"

"जीभ भाजणार नाही इतका," आई म्हणाली, आणि मला वाटते, त्या दिवशी आमच्या घरात दिले गेलेले हे एकमेव काटेकोर उत्तर होते.

एवढ्यात केर काढणाऱ्या मावशी केरसुणी टेकवून म्हणाल्या, "ताई, माझं न्हाई का लिवायचं?" मुळशीकडच्या त्या. भाचीने त्यांना दुधाविषयी विचारले.

"दूध हाय की. गावाकडं दीराच्या दोन म्हशी हायेत. पर ते डेअरीला जातं. प्यालं तर हप्ता कशानं फेडायचा?"

"मग जेवणात काय?"

"भाकरी. नाचणीची. कोरड्यास शेवग्याचा पाला, न्हाईतर सुकट."

भाची लिहीत गेली आणि तिचे डोळे विस्फारत गेले. नाचणी शंभर ग्रॅमांस ३६४ मिलिग्रॅम. शेवग्याचा पाला तीनशेच्या वर. सुकट तर टरफलासकट पोटात जाणारी. नाचणीतले सगळेच अंगी लागत नाही, दुधातलेही साधारण तिसरा हिस्साच लागते, हे सारे धरूनही दुधाचा थेंब न घेणाऱ्या मावशी आमच्या घरच्या सर्व दुग्धप्रेमींच्या पुढे निघाल्या. चिरंजीवांनी आपली भुकटी पुन्हा मोजावी अशी सूचना केली, ती फेटाळण्यात आली.

त्यानंतर भाचीने कुटुंबाच्या दुधाची बेरीज केली. माझे अर्धा लिटर, चिरंजीवांचे पाऊण, सूनबाईंचे ग्लासभर, आईचे दोन पेले; चहा, विरजण आणि मांजर न धरता एक लिटर आणि वर आठशे-साडेआठशे मिलिलिटर.

"मामी, तुम्ही रोज दूध घेता किती?"

"एक लिटर."

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "गवळी दुधात पाणी घालतो हे ठाऊक होतं. पिणारे तोंडाने घालतात, हे आज कळलं." दुधातले पाणी ओळखण्यासाठी शास्त्रज्ञांनी लॅक्टोमीटर काढला, चांगल्या दुधाची घनता पाण्याच्या १.०३ पटीच्या आसपास असते, त्याखाली उतरली की चोरी पकडता येते. जबानीत बुडवण्याजोगी अशी नळी अद्याप कोणी काढलेली नाही, हे भाचीच्या प्रबंधाचे दुर्दैव आणि आमच्या घराण्याचे सुदैव.

मार्गदर्शकांनी आमच्या कागदांवर "पडताळणी करावी" असा शेरा मारला, तेव्हा तिसरी पद्धत अमलात आली. भाची तराजू घेऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली. पातेले तोलायचे, दूध घालून तोलायचे, पानात वाढलेले तोलायचे, उष्टे टाकलेले तोलायचे. माझा कापणी प्रयोगाचा अनुभव इथे कामी आला नाही, कारण काट्यापुढे माणसे बदलतात हे ठाऊक असूनही किती बदलतात हे मला ठाऊक नव्हते. आपले जेवण ग्रंथात जाणार या भावनेने सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी बासुंदी केली, दुसऱ्या दिवशी पनीर, तिसऱ्या दिवशी खीर. चिरंजीव खरोखरच दूध पिऊ लागले. सूनबाईंनी ग्लासभर दूध सर्वांसमक्ष, नाक न दाबता, संपवले. मीही दोन्ही जेवणांना दही मागितले आणि ते मिळाले.

"या प्रबंधात आमचं नाव येणार ना गं?" शेवटच्या दिवशी सौभाग्यवतींनी विचारले.

"नाही मामी, नाव गुप्त ठेवतात. फक्त क्रमांक."

"अगं बाई! म्हणजे बासुंदी केली ती क्रमांकासाठी?"

भाची तराजू गुंडाळून गेली, पण तिने मांडलेला तुटीचा आकडा सौभाग्यवतींच्या मनाला लागला असावा, कारण दुसऱ्याच दिवसापासून गवळ्याला अर्धा लिटर जास्त घालायचा हुकूम सुटला. मला बरे वाटले. अखेर या घरात माझ्या हाडांची कोणी दखल घेतली, अशा समाधानात काही दिवस गेले. पेल्याची वाट पाहिली. पेला आला नाही. चौकशी करता कळले, की जास्तीचे दूध रोज विरजले जाते, साठल्यावर घुसळले जाते, आणि त्याचे रवाळ, दाणेदार तूप काचेच्या बरणीत फडताळाच्या वरच्या खणात गेले आहे. तूप मला डॉक्टरांनी वर्ज्य केलेले. ताक, ज्यात दुधातले सारे कॅल्शियम मागे राहते, ते मला रात्री वात करते आणि दिवसा झोप आणते, असा घरात जुना निर्णय आहे. सबब ते कळशीभर ताक रोज मावशी घरी नेतात. परवा मी व्हरांड्यात बसलो असताना त्या कळशी घेऊन निघाल्या, झाकण उघडून पाहिले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "वहिनी, आजचं ताक पातळ हाय हो!"